पाहुणे आले, बंड्या जागेवर!

"घाबरू नका, तो चावत नाही." हे वाक्य मी आजवर आमच्या दारात आलेल्या किमान पन्नास माणसांना सांगितले असेल. ऐकणारा माणूस त्या वेळी भिंतीला चिकटून, दोन्ही हात वर करून उभा असतो, त्यामुळे त्याला ते कितपत पटते देव जाणे. बंड्या हा आमचा लॅब्रेडॉर, वय दोन वर्षे, वजन ३१ किलो. माणसे त्याला फार आवडतात. दाराची बेल वाजली की तो फरशीवरून घसरत येतो, आणि जाळीचा दरवाजा उघडला रे उघडला की पुढचे दोन्ही पाय पाहुण्याच्या छातीवर.

गेल्या दिवाळीत हे पाय आजीच्या छातीवर पडले. आजी साताऱ्याहून पुण्याला आणि पुण्याहून इंदूरच्या गाडीने आमच्याकडे महूला आली होती. रात्रभराचा प्रवास, हातात लाडवांचा डबा. ती पायरीवरून मागे पडली आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. सगळी दिवाळी प्लॅस्टरमध्ये गेली. आजी बंड्याला एका शब्दानेही बोलली नाही, पण संक्रांतीला बोलावले तर आली नाही. होळीलाही नाही.

एप्रिलमध्ये रविवारच्या फोनवर बाबांनी मला सांगितले, "आजी १४ जूनला येते म्हणाली आहे. तोपर्यंत हा सुधारला तर ठीक. नाही तर मामाच्या शेतावर पाठवायचा. माझं ठरलं आहे." बाबांचे ठरले की ठरते. माझी सुटी ६ मेपासून होती. म्हणजे हातात साडेपाच आठवडे. त्या साडेपाच आठवड्यांत आम्ही काय केले, काय चुकले आणि काय जमले, ते या पानावर लिहितो आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुत्रा आहे, आणि सुटीत घरी गेल्यावर दारात काय होते हे मला वेगळे सांगायला नको.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. बॅग खांद्यावर घेऊन दारात आलो, बंड्या अंगावर झेपावला आणि मी त्याला मिठी मारली. दोघेही व्हरांड्यात लोळलो. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "झालं ट्रेनिंग?"

कुत्रा उडी का मारतो, याचे उत्तर त्यांच्या पिल्लांमध्ये आहे. पिल्ले मोठ्या कुत्र्याचे स्वागत करताना त्याचे तोंड चाटतात. ते प्रेमही असते आणि खाण्याची मागणीही. आपले तोंड कुत्र्याच्या दृष्टीने फार उंचावर असते, मग तिथे पोचायला उडी मारावी लागते. इथपर्यंत त्यात काही गैर नाही. पुढचे आपण शिकवतो. पिल्लू तीन-चार किलोचे असताना ते मांडीवर पाय ठेवते तेव्हा आपण "अले अले" करत उचलून घेतो. बंड्या चार महिन्यांचा असताना मी त्याचे पुढचे पाय हातात धरून त्याला नाचवायचो. आईच्या मोबाईलमध्ये त्याचा व्हिडिओसुद्धा आहे. तेच पाय ३१ किलोच्या अंगाला लागले आणि आजीच्या छातीवर आले. बंड्याने काही बदलले नाही. आम्हीच नियम बदलला आणि त्याला कळवला नाही.

आमच्या लाइनीच्या टोकाला एक निवृत्त हवालदार काका राहतात. त्यांची नोकरी लष्करी कुत्र्यांबरोबर गेली. लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरचे केंद्र मेरठला आहे, तिथे ही कुत्री तयार होतात. २०१६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लष्कराचे श्वानपथक २६ वर्षांनंतर राजपथावर चालले, त्यात लॅब्रेडॉरही होते. त्यामुळे "लॅब असेच असतात, वेडे" ही आमच्या घरातली नेहमीची सबब काकांपुढे चालली नाही. त्यांनी पंधरा मिनिटे बंड्याला आणि आम्हाला बघितले, आणि हिंदीत एवढेच म्हणाले, "बेटा, कुत्ता ठीक है. पगार गलत काम की दे रहे हो."

पगार म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळले नाही. मला वाटले होते खाऊ. काकांच्या मते कुत्र्याचा पगार म्हणजे आपले लक्ष. त्याच्याकडे बघणे हा पगार, हात लावणे हा पगार, बोलणे हाही पगार. "ए बंड्या, उतर! उतर म्हणतो ना!" असे ओरडून त्याला दोन्ही हातांनी ढकलले, तर त्याच्या हिशेबात आपण बघितले, बोललो आणि हातही लावला. तिन्ही पगार एकदम. माझ्या एका मित्राने सांगितले होते की उडी मारली की गुडघा पुढे करायचा. तो उपाय मी दोन दिवस केला. बंड्याला तो खेळ फार आवडला. शिवाय गुडघा जोरात लागला तर कुत्र्याच्या छातीला इजा होते, आणि पाहुणा म्हणजे दुखणे हे त्याच्या डोक्यात बसते. मग आज जो आनंदाने उडी मारतो तो उद्या भीतीने गुरगुरू शकतो. तो उपाय कोणी करू नये.

म्हणून पहिले काम म्हणजे पगार बंद. त्याने उडी मारली की बघायचे नाही, बोलायचे नाही, हात छातीशी घेऊन पाठ फिरवायची. चारही पाय जमिनीला लागले की त्याच क्षणी पगार सुरू. त्याच क्षणी म्हणजे एका सेकंदाच्या आत. खिशात खाऊ चाचपडत बसलो तर तेवढ्यात तो पुन्हा उडी मारतो, आणि बक्षीस त्या उडीला मिळते.

दुसरी गोष्ट मला माझ्या वहीमुळे कळली. मी तीन दिवस प्रत्येक उडीची नोंद ठेवली: वेळ, कोण आले, कोण काय म्हणाले. आई म्हणायची "खाली उतर". बाबा म्हणायचे "डाऊन". धाकटी बहीण "नको नको नको". घरकामाला येणाऱ्या मावशी "हट". मी स्वतः "बस" म्हणायचो, आणि आमच्याकडे जेवताना पुरे म्हणायलाही "बस"च म्हणतात. एका कृतीला पाच शब्द, त्यातला एक जेवणाचा. मला उस्ताद आठवले. ड्रिलच्या हुकमाचे दोन भाग असतात. "दाहिने" हा लांबवून सांगितलेला, सावध करणारा. मग किंचित उसंत. मग "मुड़" हा तुटक, ज्यावर पाय हलतो. आणि उस्ताद हुकूम दोनदा देत नाहीत. आपण "बस, बस, अरे बस ना" असे चारदा म्हटले की कुत्रा एवढेच शिकतो की पहिले तीन खरे नसतात. मग आम्ही घरात एकच हुकूम ठरवला. आधी नाव, मग उसंत, मग शब्द: "बंड्या... जागेवर." सुटका करण्यासाठीही एक शब्द हवा होता, म्हणून मी "विसर्जन" सुचवला. आई म्हणाली, गणपतीत घोळ होईल. पण तोच राहिला.

जागा म्हणजे सतरंजीचा एक तुकडा. तो हॉलमध्ये दारापासून दहा-बारा फुटांवर टाकला, जिथून त्याला दार दिसेल पण येणाऱ्याच्या वाटेत तो येणार नाही. हे महत्त्वाचे आहे. कुत्र्याला मागच्या खोलीत कोंडले तर तो शांत होत नाही, फक्त दिसत नाही. नुसते "उडी मारू नकोस" हे कुत्र्याला कळणे अवघड असते, कारण त्यात काय करायचे ते सांगितलेलेच नाही. "सतरंजीवर जाऊन झोप" यात सांगितलेले आहे. आणि सतरंजीवर झोपलेला कुत्रा उडी मारूच शकत नाही.

खाऊसाठी उकडलेले चिकन घेतले, मीठ-मसाला न घातलेले, नखाएवढे तुकडे. कधी पनीर. तेवढे चिकन त्याच्या रोजच्या जेवणातून कमी केले, नाही तर ३१ चे ३५ किलो व्हायला वेळ लागला नसता. (कुत्र्याला चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि बेदाणे कधीही देऊ नयेत, ते त्याच्यासाठी विषारी असतात. शिकरण, लाडू, चिवडा असा सगळा "थोडासा" प्रसाद आमच्याकडे त्याच दिवशी बंद झाला.) सुरुवातीला तुकडा नाकासमोर धरून त्याला सतरंजीवर न्यायचे, चारही पाय आत आले की "छान" म्हणायचे आणि तुकडा हातातून न देता सतरंजीवर ठेवायचा. हातातून दिला की तो वर बघत राहतो आणि वर बघणारा कुत्रा वर उडतो. खाली ठेवला की डोके खाली जाते, मग कोपरेही टेकतात. एका वेळी तीन-चार मिनिटे, दिवसातून चार वेळा. त्याहून जास्त केले की त्याचेही लक्ष उडते आणि आपलेही डोके फिरते.

दोन दिवसांनी हुकमाचा शब्द जोडला. मग मुक्काम वाढवला: दोन सेकंद, पाच, दहा, तीस. मग मी एक पाऊल मागे, तीन पावले, दारापर्यंत. काकांनी बजावले होते की वेळ, अंतर आणि गडबड या तीन गोष्टींपैकी एका वेळी एकच वाढवायची. मी घाईत दोन वाढवल्या. तीस सेकंद जमतात म्हटल्यावर मी दारापर्यंत गेलो आणि दारही उघडले. तो माझ्या आधी बाहेर. एखादी पायरी लागोपाठ दोनदा चुकली तर मागच्या पायरीवर यायचे, हा नियम तेव्हापासून पाळला.

मग बेल. शरीरशास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, पण आज ते कुत्र्यांमुळे ओळखले जातात. अन्न तोंडात पडण्याआधीच, नुसती चाहूल लागली तरी कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी अभ्यासले. आमच्या बेलचेही तेच झाले होते. दोन वर्षे बेल म्हणजे पाहुणा, पाहुणा म्हणजे धुमाकूळ. बेल वाजली की त्याच्या डोक्याआधी पायच धावत होते. तो अर्थ पुसून नवा लिहायचा होता: बेल म्हणजे सतरंजी. आधी बेलचा आवाज मोबाईलवर घेऊन अगदी हळू वाजवला, प्रत्येक वेळी "जागेवर" आणि तुकडा. आवाज रोज थोडा वाढवला. मग बहीण बाहेर उभी राहून खरी बेल वाजवू लागली. सकाळी, दुपारी, जेवताना, दिवसाला तीस-तीस वेळा, आणि दारात कोणीही नाही. शेजारच्या काकू दोनदा बघायला आल्या की एवढे कोण येते यांच्याकडे. सहाव्या दिवशी बेल वाजली, बंड्या उठला, दाराकडे दोन पावले गेला, थांबला आणि वळून सतरंजीकडे बघू लागला. मी काहीही बोललो नव्हतो.

त्यानंतर आठवडाभर सगळे बिघडले. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच सोडून देतात. आजवर उडीने जे मिळत होते ते अचानक मिळेनासे झाले की कुत्रा उडी सोडत नाही, आधी जास्त जोरात मारतो. लिफ्टचे बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? पाच-सहा वेळा, जोरजोरात दाबतो. बंड्याचे तसेच झाले. तो उंच उडू लागला, भुंकू लागला, बाबांच्या इस्त्रीच्या गणवेशाची बाही त्याने ओढली. एका दुपारी गॅस सिलिंडरवाले भैया आले. बंड्या चार मिनिटे भुंकला. आई कंटाळून म्हणाली, "बरं बाबा, ये," आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आईला मी त्या दिवशी जरा चढ्या आवाजात बोललो, त्याची माफी नंतर मागितली. पण मुद्दा खरा होता. नऊ वेळा नाही म्हणून दहाव्या वेळी हो म्हटले, तर कुत्रा नाही शिकत नाही, दहा वेळा प्रयत्न करायला शिकतो. लॉटरी लावणारे लोक असेच असतात, रोज लागत नाही म्हणूनच लावत राहतात.

आईपेक्षा बाबा अवघड होते. गणवेशात असले की त्यांना उडी चालत नाही आणि रविवारी हाफ पँटमध्ये असले की तेच त्याला "आ जा मेरे शेर" म्हणून छातीवर घेतात. बंड्याला गणवेश आणि हाफ पँट यातला फरक कळत नाही, हे त्यांना सांगायला मला तीन दिवस धीर गोळा करावा लागला. त्यांनी ऐकून घेतले आणि "हं" म्हणाले. पुढच्या रविवारी पाठ फिरवून उभे राहिले.

आणि सगळ्यात अवघड मी. हे लिहायला जरा लाज वाटते. डॉर्मिटरीत लाइट्स आउट झाल्यावर घराचा विचार येतो तेव्हा मला पहिल्यांदा तो दरवाजाच दिसतो, आणि त्यातून अंगावर येणारा बंड्या. एवढ्या जोरात माझी वाट दुसरे कोणी बघत नाही, असे मला वाटायचे. रोज पळून घरी आलो की तो धावत यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. मागे त्याचा कुंईकुंई आवाज. पहिले काही दिवस मला वाटले, तो माझ्यावर रुसेल. तो रुसला नाही. पाय खाली ठेवले की मी खाली बसून त्याला जवळ घेत होतो, आणि ते त्याला माझ्या आधी कळले.

तिसऱ्या आठवड्यापासून खरी माणसे आली. बंड्याला पट्टा लावून मी सतरंजीजवळ बसायचो. शेजारचे काका-काकू, बाबांच्या युनिटमधले एक-दोन जण चहाला यायचे आणि त्यांना आधीच सांगून ठेवलेले असायचे: आत या, त्याच्याकडे बघू नका, सरळ खुर्चीवर बसा. तो सतरंजीवरून उठून झेपावला तर पाहुण्याने तसेच मागे वळून बाहेर जायचे, दार बंद. दहा सेकंदांनी पुन्हा बेल. एका संध्याकाळी शेजारचे काका अकरा वेळा आत-बाहेर झाले. अकराव्या वेळी बंड्या झोपून राहिला, पण तोवर चहा गार झाला होता आणि काकांनी तो दुसऱ्यांदा करायला लावला. पाहुणे यायच्या आधी त्याला तासभर फिरवून आणायचो, भरभर नाही, हवे तिथे थांबून वास घेऊ देत. वास घेऊन कुत्रा जेवढा थकतो तेवढा पळून थकत नाही, हे काकांचे म्हणणे आम्हाला तरी खरे वाटले. मे महिन्यात हे पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच करावे. डांबरावर आपला तळहात पाच सेकंद टेकवता आला नाही तर त्याचे पंजेही भाजतात.

दोन सूचना. कुत्रा पाहुण्याला बघून ताठ होत असेल, गुरगुरत असेल, दात दाखवत असेल, तर तो आनंद नाही, भीती किंवा राग आहे. नुसती शेपटी हलते म्हणून खूश आहे असे धरू नये. तिथे सतरंजी पुरणार नाही, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. दुसरी, उडी मारताना नख लागून कोणाची कातडी फाटली तर घरचा कुत्रा आहे म्हणून सोडून देऊ नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. कुत्र्याची रेबीजची लस चुकवू नये.

१४ जूनला सकाळी बाबा आजीला आणायला गेले. मी बंड्याला फिरवून आणून पट्टा लावून बसलो. बेल वाजली. तो स्वतःहून सतरंजीवर गेला आणि झोपला, पण सगळे अंग थरथरत होते. दार उघडले. आजी काठी पुढे धरून उंबऱ्यात उभी. बंड्या उठला आणि पट्टा ताणून पुढे आला. नियमाप्रमाणे दार बंद करायचे होते, आणि दारात आजी होती. मी बाबांकडे बघितले. बाबांनी जाळीचा दरवाजा ओढून घेतला. बाहेरून आवाज आला, "अरे, मला बाहेरच ठेवता की काय?"

दहा सेकंद. पुन्हा बेल. "बंड्या... जागेवर." या वेळी तो राहिला. आजी त्याच्याकडे न बघता, भिंतीच्या कडेने, एक-एक पाऊल टाकत खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. बंड्याची शेपटी फरशीवर आपटत होती, पण कोपरे टेकलेली होती. दहा मिनिटांनी मी "विसर्जन" म्हटले आणि त्याला पट्ट्याने हळू पुढे नेले. आजीने काठी मध्ये आडवी धरली. म्हणाली, "ये, पण तिथूनच." तो काठीपाशी खाली बसला.

पहिले दोन दिवस ती काठी मध्येच होती. तिसऱ्या दिवशी आजी स्वयंपाकघरात त्याला भाकरीचा तुकडा हातातून, तोही वर धरून देताना सापडली. तिला सगळे नियम समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि चौथ्या दिवशी पुन्हा दिला. आता बंड्या जेवणाच्या वेळी आजीच्या खुर्चीजवळून हलत नाही. ती सवय कशी मोडायची ते अजून ठरलेले नाही, पण शेताचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही.

काम संपलेले नाही. गेल्या रविवारी आई फोनवर म्हणाली, कुरिअरवाला आला तर सतरंजीवर जातो, पण एकदम चार जण आले की विसरतो आणि लहान मुले पळत आली तर पट्टा लावावाच लागतो. वही आता बहीण लिहिते. बेल वाजल्यापासून तो सतरंजीवर टेकेपर्यंत मेमध्ये दोन मिनिटे चाळीस सेकंद लागले होते, गेल्या आठवड्यात नऊ. दिवाळीच्या सुटीत मी घरी जाईन तेव्हाचा आकडाही त्या वहीत लिहायचा आहे. बहिणीने बजावले आहे की बॅग खाली ठेवून पाठ फिरवून उभा राहा, ती घड्याळ लावून बसणार आहे.